'कळावे, लोभ असावा' : गिरणगावचे संसार आणि एकमेकांचं मन

(डिलाईल रोड इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा इतिहासाचा विषयच नव्हे. नवरा-बायकोला एकमेकांचं मन कळतं की नाही, हा घरातला मामला. आणि आपल्या या डिलाईल रोडचा, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गिरण्या, भोंगे, संप, लाल बावटा, डॉक्टर सामंत. तो इतिहास लिहिला गेला आहे, लिहिला जायलाच हवा होता. पण त्या प्रत्येक संपाच्या मागं हजारो संसार होते. त्या संसारांत जोडीदार जोडीदाराला किती ओळखत होता, आणि त्या ओळखण्यानं संसाराचं काय झालं, हे विचारायचं राहून गेलं. ते आज विचारू या.

आधी शब्द साफ करून घेऊ. आपण म्हणतो, 'मी तिला ओळखतो', 'ह्यांचं मन मला कळतं'. यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली माहिती: नवरा कुठल्या खात्यात कामाला आहे, पगार कधी होतो, बायकोला गुडघेदुखी आहे. दुसरी गोष्ट कळण्याची. कशाबद्दल त्याला किंवा तिला काय वाटतं, कुठं मनाचा कल आहे, काय सलतं, कशाची भीती आहे. आणि तिसरी पटण्याची. कळलं म्हणून पटलंच असं नसतं. हे तिन्ही आपण एकाच तागडीत टाकतो आणि मग घोटाळा होतो. गिरणगावच्या इतिहासात या तीन गोष्टी अगदी वेगवेगळ्या दिसतात, म्हणून तो या प्रश्नासाठी उपयोगी आहे.

एक संसार, दोन गावं

मुंबईच्या गिरण्यांत माणूस आला तो मुख्यतः रत्नागिरीतून, आणि घाटावरच्या सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे भागातून. आला तो बहुतेक वेळा एकटा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना बघा: मुंबईत हजार पुरुषांमागं बायका पाचशेच्या थोड्या वर. म्हणजे दोन पुरुषांमागं एक बाई. आणि रत्नागिरी जिल्ह्यात याच्या बरोबर उलट, पुरुषांपेक्षा बायका जास्त. हे अंतर इतकं मुरलेलं होतं की २०११ च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरीत हजार पुरुषांमागं अकराशेच्या वर बायका आहेत. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की लक्षात येतं, की या दोन जिल्ह्यांत मिळून एकच संसार चालला होता. चूल तिकडं, पगार इकडं.

असं का? राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी याचं कारण नीट मांडलं आहे. गिरणीतली नोकरी भरवशाची नव्हती. बदली कामगाराला रोज सकाळी दारात उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. आजारपण आलं, संप झाला, म्हातारपण आलं तर गाव हाच विमा. म्हणून गावची जमीन सोडायची नाही, आणि जमीन धरून ठेवायला तिथं कुणीतरी पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे बायको. ती मागं राहिली ती मुंबईत जागा नव्हती म्हणून, हे खरंच. पण तिच्या राहण्यावर नवऱ्याची मुंबईतली नोकरीसुद्धा उभी होती.

इकडं तो राहायचा गावकऱ्यांच्या खोलीत. या रस्त्यावर अशा खोल्या अजून आहेत, तुमच्यापैकी काही जणांनी पाहिल्या असतील. एका गावची पंधरा-वीस माणसं, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा. गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचं, तेही रजा मिळाली तर. वर्षातले अकरा महिने नवरा-बायकोची भेट नाही. अशा लग्नात एकमेकांचं मन कळायचं कुठून?

पत्र: तीन माणसांचा संवाद

उत्तर सोपं वाटतं: पत्रातून. पण पत्र म्हणजे काय होतं बघा. लिहिता-वाचता येणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग पत्र लिहायचं कुणी? शाळेत जाणाऱ्या पोरानं, मास्तरांनी, नाही तर पोस्टमननं. वाचून दाखवायचं कुणी? त्यांनीच. आणि वाचताना सासू-सासरे, दीर-जावा बसलेल्या. अशा मजकुरात काय येणार? पत्रास कारण की, इकडील सर्व क्षेमकुशल आहे. पाऊस बरा झाला. म्हैस व्याली. थोरल्याला ताप होता, उतरला. आणि शेवटी, कळावे, लोभ असावा.

हा 'कळावे' शब्द मला फार बोलका वाटतो. सगळं पत्र संपल्यावर आपण म्हणायचो, कळावे. जे लिहिलं ते कळावे, हा त्याचा सरळ अर्थ. पण जे पाचजणांसमोर लिहिता येत नाही तेही कळावे, असंही त्यात ओढून घ्यावं लागत होतं. जी बाई नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाही, ती दिराकडून लिहून घेतलेल्या पत्रात 'मला एकटं वाटतं' असं कसं लिहिणार?

मग मनीऑर्डर. पोस्टानं मनीऑर्डर सुरू केली १८८० मध्ये, आणि जुनी मनीऑर्डर बंद झाली २०१५ मध्ये. या सव्वाशे-दीडशे वर्षांत कोकणाला लोक मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे. फॉर्मच्या खाली दोन ओळी लिहायला जागा असायची. कित्येक संसारांतला महिन्याचा संवाद तेवढाच. आणि मनीऑर्डर यायची कुणाच्या नावावर? एकत्र कुटुंबात बहुधा वडिलांच्या, नाही तर थोरल्या भावाच्या. म्हणजे नवऱ्यानं पैसे पाठवले हे बायकोला माहीत. पण त्यातले तिच्यासाठी किती, आणि तिला काय हवं आहे याचा विचार त्यानं केला की नाही, हे कळायला मार्ग नाही. माहिती पोचली, मन पोचलं नाही.

गाणं इकडं, ओवी तिकडं

मन पोचलं नाही म्हणजे बोललं गेलं नाही असं मात्र नाही. दोघंही बोलत होते. फक्त एकमेकांशी नाही.

अण्णा भाऊ साठे हे वाटेगावचे. १९२० चा जन्म. पोटासाठी मुंबईला आले, गिरणीतही राबले. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड सगळ्यांना ठाऊक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती गाजली, आणि मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडला गेलेला सीमाभाग, असा अर्थ त्यात शेवटी उलगडतो. पण हजारोंच्या सभेला तो अर्थ एका क्षणात भिडला, याचं कारण काय? ऐकणाऱ्या प्रत्येक कामगाराची स्वतःची बायको खरोखरच गावावर राहिली होती. राजकारण समजावून सांगायला अण्णा भाऊंनी घरातलं दुःख घेतलं, कारण ते सगळ्यात ओळखीचं होतं.

आता दुसरी बाजू. गावात बाई पहाटे जात्यावर बसायची आणि ओवी गायची. गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून गावोगाव फिरून, सहकारी बायकांच्या मदतीनं, लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यांत भाऊ आहे, आई आहे, लेक आहे, नवरा आहे, आणि परगावी गेलेली माणसंसुद्धा आहेत. जे पत्रात येत नव्हतं ते इथं येतं: राग, काळजी, अभिमान, टोमणे.

पण गंमत बघा. छक्कड ऐकली ती मुंबईतल्या पुरुषांनी. ओवी ऐकली ती शेजारच्या जात्यावरच्या बाईनं. नवऱ्याच्या मनातलं बायकोला सोडून सगळ्यांना ठाऊक, बायकोच्या मनातलं नवऱ्याला सोडून सगळ्यांना ठाऊक. गिरणगावच्या संसाराचं एका वाक्यात वर्णन करायचं तर मी हे करीन.

एका खोलीत आले, मग?

पुढं बायका मुंबईत येऊ लागल्या. काही आधीपासून होत्याच. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत पाचात एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीळ खात्यात. नंतर कायदे आले, यंत्रं बदलली, मालकांनी बायका कमी केल्या, आणि १९८० पर्यंत त्यांचं प्रमाण अगदी नगण्य झालं. काही बायकांनी खानावळी चालवल्या. एकट्या राहणाऱ्या दहा-वीस पुरुषांना दोन वेळचं जेवण घालायचं, महिन्याच्या शेवटी पैसे. सावकाराच्या व्याजातून याच बायकांना सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्या बाईची सही बँकेत चालू लागली, तिचं मत घरात विचारलं जाऊ लागलं. हा काही योगायोग नव्हे.

राहायला काय, तर बीडीडी चाळीतली खोली. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी, इथं ना. म. जोशी मार्गावर बत्तीस. एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यात नवरा-बायको, मुलं, गावचा भाऊ, बहिणीचा मुलगा. तुम्हाला वाटेल, आता तरी एकमेकांचं मन कळायला लागलं असेल. जवळ आले ना! पण जवळ असणं आणि कळणं यांचा थेट संबंध नाही. तिथं दोघांना मिळून एकांताची दहा मिनिटं मिळत नव्हती. पत्र पाचजणांसमोर वाचलं जायचं, आता भांडणसुद्धा पाचजणांसमोर व्हायचं. सवयीनं एकमेकांचं सगळं माहीत झालं: चहा किती गोड लागतो, कुठल्या पाळीनंतर डोकं तापलेलं असतं. मनाचं विचारायचं राहिलंच.

मानसशास्त्रातल्या संशोधकांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. न्यूझीलंडमध्ये जेफ थॉमस, गार्थ फ्लेचर आणि क्रेग लँग यांचा १९९७ चा अभ्यास आहे. जोडप्यांचं बोलणं चित्रित करायचं, आणि मग प्रत्येकाला विचारायचं, या क्षणी तुमच्या जोडीदाराच्या मनात काय चाललं होतं? निष्कर्ष असा, की लग्नाला जितकी जास्त वर्षं झाली तितकं हे ओळखणं कमी अचूक. कारण माणूस बघायचं थांबवतो. 'मला माहीत आहे ती काय म्हणणार' म्हणून जुन्या ठोकताळ्यावर चालतो. आपल्याकडं 'मनकवडा' हा छान शब्द आहे. पण आपण मनकवडे आहोत अशी ज्याची खात्री पटली, त्याचं ओळखणं अचूक असेलच असं नाही.

दुसरा अभ्यास नेदरलंड्सचा, २००९ चा, मोनिक पोलमन आणि कॅट्रिन फिंकेनॉअर यांचा, नवविवाहित जोडप्यांवरचा. त्यात दिसलं, की जोडीदाराबद्दल अचूक माहिती असण्यापेक्षा 'आम्ही एकमेकांना समजून घेतो' ही भावना संसाराच्या समाधानाशी जास्त जोडलेली आहे. म्हणजे परीक्षेत किती गुण मिळाले यापेक्षा समोरचा आपल्याला समजून घेतो आहे, हे जाणवणं मोठं.

लेखी पुरावा असलेले दोन संसार

सामान्य कामगारांच्या घरातलं असं लेखी फार उरलेलं नाही. पण गिरणगावातल्या दोन बायकांनी आत्मकथनं लिहिली, त्यांची नावंच ऐका.

उषाताई डांगे. विधवा झालेल्या, पुढं श्रीपाद अमृत डांग्यांशी लग्न केलं. डांगे मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात पकडले गेले आणि काही वर्षं आत राहिले. उषाताई बाहेर गिरणीतल्या बायकांमध्ये काम करत राहिल्या, स्वतः पुढारी झाल्या. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'पण ऐकतं कोण!'. डांग्यांचं मत काय हे साऱ्या देशाला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला स्वतःच्या पुस्तकावर हे शब्द लिहावेसे वाटले. नवऱ्याचं ध्येय तिला कळलं होतं, पटलंही होतं, त्यासाठी ती रस्त्यावर उतरली. तरी ऐकून घेतलं जाण्याची भूक वेगळी असते, असं ते नाव मला सांगतं.

दुसऱ्या कृष्णाबाई सुर्वे. नारायण सुर्वे हे गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी उचलून आणून वाढवलेलं मूल. शाळेत शिपाई झाले, मग मास्तर, आणि मराठीतले थोर कवी. कृष्णाबाईंच्या पुस्तकाचं नाव 'मास्तरांची सावली'. सावली म्हटलं की आपल्याला वाटतं, ही बाई स्वतःला पुसून टाकते आहे. पण सावली बरोबर चालते, तिच्यापासून काही लपत नाही. आणि ही सावली बोलली! कवीच्या ओळी आपल्याला पाठ आहेत; त्या ओळी लिहिल्या जात असताना घरात डबा कसा भरला गेला, हे आपल्याला तिच्यामुळं कळलं.

१८ जानेवारी १९८२

आता कसोटीच्या काळाकडं येऊ. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो औपचारिकपणे कधी मागं घेतलाच गेला नाही. पहिले काही महिने उत्साह होता. मग डबे रिकामे झाले, भांडी गेली, मंगळसूत्रातले मणी गेले. पुष्कळ पुरुष गावी परतले. बायका कामाला बाहेर पडल्या: धुणीभांडी, भाजी, पापड, मसाले.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावकरांच्या आठवणींचं जे मोठं पुस्तक २००४ मध्ये आणलं, त्यामुळं हा काळ माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतो. ते वाचताना, आणि इथल्या घरांतून ऐकताना, मला एक फरक जाणवत राहतो. उपासमार सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली, पण संसार सारखे मोडले नाहीत.

काही घरांत नवऱ्यानं संपाबद्दल बायकोशी बोलणं केलं होतं. मागणी काय आहे, बदलीवाल्यांचं काय, मान्यता असलेली युनियन आपलं का ऐकत नाही, १९४६ च्या कायद्यात काय अडकलं आहे. तिला सगळं पटलं नसेल. 'पोरांच्या फीचं काय?' म्हणून ती भांडली असेल. पण तो कामावर का जात नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि ती का भांडते, हे त्याला. मतं जुळली नाहीत, पण कोडं नव्हतं. दुसऱ्या घरांत 'तुला काय कळतंय त्यातलं' इथंच विषय संपला होता. तिथं सहा महिन्यांनी तिला तो आळशी वाटू लागला, आणि ती कमावून आणते याची त्याला लाज वाटू लागली. ती लाज आहे हे तिला कळलं नाही, तिला फक्त चिडचीड दिसली. तो दारूकडं वळला तर तिला दारू दिसली. तिनं त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवली, ती त्याला टोमणा वाटली.

कळण्यानं पोट भरत नाही, हे मान्य. नोकरी गेली ती गेलीच, आणि दोष गिरणी मालकांचा, सरकारचा, धोरणांचा होता. नवरा-बायकोंच्या न बोलण्याचा नव्हे. हे मी मुद्दाम सांगते, कारण नाही तर आपण सगळं ओझं घरावर टाकून मोकळे होतो. पण त्याच आपत्तीत एका घरात दोघं एका बाजूला उभे राहिले आणि दुसऱ्या घरात समोरासमोर, याचं एक कारण या कळण्यात आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: मॅडम, आता मोबाइल आहे. नवरा दुबईत असला तरी रोज तोंड दिसतं. मग ही अडचण संपली ना?

माहितीची अडचण संपली. जेवलास का, पोचलीस का, हे दिवसातून दहा वेळा विचारता येतं. पण मोठी मनीऑर्डर म्हणजे मोठं मन कळणं नव्हे, तसंच जास्त कॉल म्हणजेही नव्हे. गावी घर बांधायचं की इथं राहायचं, आईला कुणी सांभाळायचं, तिनं नोकरी सोडावी असं त्याला खरंच वाटतं की नातेवाइकांना वाटतं, हे विचारलं जातं का ते बघा. आणि उत्तर आलं की लगेच खोडून काढू नका. आधी कळू दे, पटण्याचं नंतर बघू.

प्रश्न: म्हणजे जुने संसार वाईट होते असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही हो. त्या माणसांनी दोन ओळींच्या जागेत संसार केले. तेवढ्या जागेत जो नवरा 'तुझ्या गुडघ्याला तेल लाव' असं लिहून घेत असेल, त्यानं मोठं काम केलं. कारण ते वाक्य सासऱ्याच्या देखत वाचलं जाणार हे त्याला माहीत असणार, तरी तो लिहायला सांगतो. ऐकणाऱ्या बाईला त्यातून जे कळत असेल, ते चार पानांच्या पत्रातून कळलं नसतं.

म्हणूनच शेवटी एक विनंती. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात आपण जातो आहोत, आनंदाची गोष्ट आहे. पण घर हलवताना जुन्या ट्रंका पहिल्यांदा भंगारात जातात. त्यांच्या तळाशी पोस्टकार्डं असतील, मनीऑर्डरच्या पावत्या असतील. ती टाकू नका. आणि घरात ऐंशी-पंच्याऐंशीची आजी असेल तर तिला विचारा: आजोबा संपावर गेले तेव्हा तुला काय वाटलं होतं? त्यांना ते ठाऊक होतं का? पुष्कळ आज्यांना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जाईल. उत्तर लिहून ठेवा, फोनवर रेकॉर्ड करा. संपात किती दिवस बुडाले हे दप्तरात आहे. हे फक्त तिच्याकडं आहे.